टॅटिंग शिकताना होणाऱ्या चुका: गाठ सरकत नाही, रिंग मिटत नाही, लेस सपाट बसत नाही

खान्देशात लग्नाच्या रुखवतात हाताने विणलेले रुमाल, ताटांवरची झाकणे आणि तोरणे आजही मांडली जातात, आणि त्यांतील बहुतेक काम क्रोशाच्या सुईचे असते. शटलने, म्हणजे दोरा भरलेल्या होडीच्या आकाराच्या छोट्या साधनाने, गाठी घालून केलेली लेस, म्हणजे टॅटिंग, त्यामानाने क्वचित दिसते. क्रोशा उत्तम येणाऱ्या अनेक जणी हौसेने शटल विकत घेतात, पण थोड्याच दिवसांत ते शिवणाच्या डब्यात जाऊन पडते. कौशल्य कमी पडते म्हणून असे होत नाही. क्रोशात फंद्यातून फंदा काढलेला असल्यामुळे चुकले तर दोरा ओढून क्षणात उसवता येते. टॅटिंगमध्ये मात्र प्रत्येक टाका ही खरी गाठ असते आणि क्रोशामुळे हाताला लागलेल्या काही सवयी इथे आड येतात. त्या सवयी कोणत्या आणि त्यांतून काय बिघडते, हे आधी कळले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

गाठ चुकीच्या दोऱ्यावर बसणे

नव्याने शिकणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच एका चुकीत आहे, म्हणून तिच्यासाठी जास्त वेळ द्यायला हवा. टॅटिंगचा एक पूर्ण टाका दोन अर्ध्या गाठींचा असतो. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचे कडे घेतलेले असते, त्याची दोन्ही टोके अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरलेली असतात आणि उजव्या हातात शटल असते. पहिल्या अर्ध्या गाठीसाठी शटल कड्याच्या दोऱ्याखालून नेऊन वरून परत आणतात, दुसरीसाठी वरून नेऊन खालून परत आणतात. इथपर्यंत कोणालाही जमते. अडचण यानंतरच्या क्षणी येते. त्या क्षणी शटलचा दोरा कड्याच्या दोऱ्याभोवती वळसा घेऊन बसलेला असतो, आणि तो तसाच आवळला तर गाठ कायमची अडकते. योग्य रीत अशी, की डाव्या हाताचे मधले बोट खाली झुकवून कडे पूर्ण सैल सोडायचे आणि त्याच वेळी शटलचा दोरा उजवीकडे ताठ ओढून धरायचा. असे केले की वळसा एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उलटतो: आता शटलचा दोरा सरळ रेषेत असतो आणि कड्याचा दोरा त्याच्याभोवती वळसा घेतो. त्यानंतर शटलचा दोरा जराही सैल न सोडता मधले बोट हळूहळू उचलायचे. गाठ आपोआप सरकत चिमटीपाशी येऊन बसते.

क्रोशा येणाऱ्यांचा घोटाळा नेमका इथे होतो. क्रोशात डाव्या हातातला दोरा सतत ताणलेला ठेवण्याची सवय लागलेली असते, त्यामुळे वळसा पडताच दोन्ही हात एकदम ओढतात आणि गाठ उलटायला वावच राहत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओंतही हा क्षण इतक्या लवकर सरतो की डोळ्यांना कळत नाही. व्हिडिओचा वेग निम्मा करून फक्त डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे पाहत राहावे.

सराव दोन रंगांच्या दोऱ्यांनी करावा, असा माझा आग्रह आहे. शटलवर लाल दोरा भरावा, डाव्या हातावर पांढऱ्या दोऱ्याची गुंडी घ्यावी, दोन्ही टोके एकत्र गाठ मारून चिमटीत धरावीत आणि पांढऱ्या दोऱ्याचे शेवटचे टोक करंगळीला दोन वळसे देऊन पकडावे. आता टाके घालत गेल्यावर गाठी पांढऱ्या रंगाच्या दिसल्या तर त्या बरोबर आहेत. लाल ठिपका वर दिसला की ती गाठ उलटलेली नाही, हे लगेच समजते. एकाच रंगाच्या दोऱ्यावर काम सुरू झाल्यानंतर ही खूण मिळत नाही. तेव्हा प्रत्येक अर्ध्या गाठीनंतर शटलचा दोरा किंचित मागेपुढे ओढून पाहावा. तो टाक्यांतून मोकळा सरकला तरच पुढची गाठ घालावी. वीस टाके घालून झाल्यावर तिसरा टाका अडकलेला असल्याचे कळले तर दुरुस्ती फार त्रासाची होते, तर लगेच कळले तर बोथट सुईचे टोक गाठीत घालून ती सैल करता येते आणि शटल आल्या वाटेने परत काढता येते.

काम मध्येच थांबले की आपण कोणत्या अर्ध्या गाठीवर होतो हे विसरायला होते. पूर्ण टाक्याला शेजारीशेजारी दोन उभे पाय आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारी एक आडवी पट्टी दिसते. शेवटच्या टाक्याला ही पट्टी दिसत नसेल, तर दुसरी अर्धी गाठ घालायची राहिली आहे. एकाच प्रकारची अर्धी गाठ पुन्हा पुन्हा घातली गेली तर टाक्यांची रांग पीळ घेऊ लागते, आणि हा पीळ नंतर इस्त्रीनेही जात नाही.

दोरा निवडताना होणारी चूक

खान्देश कापसाचा मुलूख आहे. जळगावची खान्देश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल यांच्यामुळे सूत ही इथल्या घरांना परकी वस्तू कधीच नव्हती, आणि म्हणून कोणतेही सूत लेससाठी चालेल असे सहज गृहीत धरले जाते. टॅटिंगला मात्र घट्ट पिळाचा, गुळगुळीत दोराच लागतो, कारण एक दोरा दुसऱ्याच्या वळशांतून शेकडो वेळा सरकायचा असतो. सैल पिळाच्या सुताला तंतू सुटतात, ते गाठीत अडकतात आणि रिंग मिटताना, म्हणजे टाक्यांचे कडे ओढून बंद करताना, दोरा तुटतो. मर्सराइज्ड सूत यासाठी योग्य ठरते. सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याची ही पद्धत जॉन मर्सर यांनी 1844 मध्ये शोधून काढली. पुढे ही प्रक्रिया सूत ताणून धरून करण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्याला चकाकीही आली. अशा सुताचा धागा मजबूत आणि गुळगुळीत होतो व त्याच्यावर रंगही चांगला चढतो.

दोऱ्याच्या क्रमांकाबाबतही गैरसमज होतो. क्रमांक जितका मोठा, तितका दोरा बारीक. 40 किंवा 80 क्रमांकाची लेस दिसायला फार सुरेख असते, पण त्या दोऱ्यावर अर्धी गाठ उलटली की नाही हे नवख्या डोळ्याला दिसत नाही. सुरुवात 10 किंवा 20 क्रमांकावर करावी आणि हात बसल्यावरच बारीक दोऱ्याकडे वळावे. शिलाई मशीनचा दोरा तर शिकताना पूर्णपणे टाळावा.

शटलवर दोरा भरताना तो कडेच्या बाहेर फुगू देऊ नये. बाहेर आलेला दोरा प्रत्येक फेरीत बोटांना घासून मळतो आणि शटलची टोके उघडी राहिल्यामुळे आपोआप सुटत जातो.

उन्हाळ्यातले काम

जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत सुट्टी असल्यामुळे मुली हे काम शिकायला बसतात. घामेजलेल्या बोटांत दोरा चिकटतो, गाठ सरकत नाही आणि शिकणारीला आपलेच काहीतरी चुकत आहे असे वाटू लागते. कूलरच्या अगदी समोर बसल्याने प्रश्न सुटत नाही, कारण त्या दमट हवेने सूतही ओलसर होऊन किंचित फुगते. सकाळी लवकर, कूलरच्या झोतापासून बाजूला बसावे, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि मांडीवर एक जुना सुती पंचा ठेवून मधूनमधून बोटे पुसत राहावीत. पांढऱ्या लेसवर पडणाऱ्या राखट छटेचे कारणही बहुतेक वेळा घामच असतो.

रिंग मिटत नाही

ठरलेले टाके झाल्यावर शटलचा दोरा ओढला की कडे लहान होत जाऊन रिंग मिटली पाहिजे. ती अर्ध्यावर थांबली तर जोर लावू नये; जोराने दोरा तुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. आधी टाके एका बाजूने सरकवून पाहावेत. सगळे सरकतात आणि एकाच जागी अडतात, असे दिसले तर त्या जागची एक अर्धी गाठ उलटलेली नाही. तिथपर्यंत उसवण्यास पर्याय नाही. कोणताच टाका सरकत नसेल, तर गाठी गरजेपेक्षा जास्त आवळल्या गेल्या आहेत आणि पुढच्या रिंगेत हात हलका ठेवावा लागेल.

मिटलेली रिंग उघडता येत नाही, असा समज सर्वत्र आहे, आणि त्यामुळे एका चुकीच्या टाक्यापायी चांगले काम कात्रीने कापले जाते. रिंग उघडता येते. रिंगेतल्या एखाद्या पिकोच्या (दोन टाक्यांमध्ये मोकळ्या सोडलेल्या दोऱ्याच्या कमानीच्या) दोन्ही बाजूंचे टाके चिमटीत धरून हळूच विरुद्ध दिशांना ताणले, की मधून आतल्या दोऱ्याचा बारीकसा भाग उघडा पडतो. त्यात बोथट सुई घालून दोरा थोडा वर ओढावा, मग तो ढिलेपणा टाक्यांमधून सरकवत रिंगेच्या तळाकडे न्यावा. हे थोडे थोडे करत गेले की कडे पुन्हा मोठे होते. पिको नसलेल्या, घट्ट मिटलेल्या छोट्या रिंगेत मात्र हे फार कठीण जाते. म्हणून सरावाची रिंग पाच-पाच टाक्यांच्या चार भागांची आणि मधे तीन पिको असलेली घ्यावी.

पिको आणि जोड

दोन टाक्यांमध्ये मोकळा सोडलेला दोरा टाके एकत्र सरकवल्यावर कमानीसारखा वर येतो, तो पिको. सोडलेल्या अंतराच्या साधारण निम्मी त्याची उंची होते, म्हणजे 1 सेंटिमीटर अंतर सोडले तर पिको अर्ध्या सेंटिमीटरचा होतो. केवळ अंदाजाने अंतर सोडले तर पिको लहानमोठे होतात, आणि लेसमध्ये हा दोष सगळ्यांत आधी नजरेत भरतो. जाड पुठ्ठ्याची हव्या त्या रुंदीची पट्टी कापून ती दोऱ्यामागे धरावी आणि पुढचा टाका तिच्या कडेला लागून घालावा. मोजतानाही लक्ष द्यावे: पिकोनंतर घातलेला टाका पुढच्या पाच टाक्यांतला पहिला असतो, तो पिकोचाच भाग मानून सोडून दिला तर प्रत्येक भागात एकेक टाका जास्त होतो आणि रिंग एका अंगाला कलते.

जुन्या काळी सुट्या रिंगा तयार करून त्या नंतर सुईदोऱ्याने एकमेकींना बांधत. काम करता करताच पिकोतून जोड घेण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झाली आणि तिच्यामुळे लेस एकसंध झाली. जोड घेताना शेजारच्या रिंगेच्या पिकोतून डाव्या हातावरचा, म्हणजे कड्याचा दोरा आकड्याने वर ओढायचा, त्या फंद्यातून शटल न्यायचे आणि फंदा पुन्हा खाली बसवायचा. इथे घाईत शटलचाच दोरा वर ओढला गेला तर तो तिथे अडकतो आणि रिंग मिटत नाही. जोड घेतल्यावर शटलचा दोरा सरकतो का, हे तपासूनच पुढचा टाका घालावा. गोल रुमालाची शेवटची रिंग पहिल्या रिंगेला जोडताना काम आपल्याकडे दुमडून पिको योग्य बाजूने समोर आणावा लागतो. सरळ जोडले तर पिकोला पीळ पडतो आणि नेमक्या त्याच जागी रुमाल उचलला जातो.

दोरा मध्येच संपणे, काम उलटायचे राहणे

रिंगेच्या मधोमध नवा दोरा जोडता येत नाही, कारण टाक्यांना त्या गाठीवरून सरकता येत नाही. म्हणून रिंग सुरू करण्यापूर्वी शटलवर किती दोरा उरला आहे ते पाहावे. दोन-तीन विती उरला असेल तर मोह टाळून तिथेच थांबावे आणि नवा दोरा रिंगेच्या तळाशी, चेन (दोन रिंगांमधली टाक्यांची कमान) सुरू होण्याच्या जागी बांधावा. रिंग संपली की चेनसाठी काम उलटून घ्यायचे असते, तेही बऱ्याच वेळा विसरले जाते. तसे झाले की चेनची कमान रिंगेच्या बाजूलाच वळते आणि नक्षी ओळखू येत नाही. चेनचा पहिला टाका रिंगेला अगदी खेटून घालावा, नाहीतर त्या सांध्यात उघडा दोरा दिसत राहतो. चेन पूर्ण झाल्यावर शटलचा दोरा बेताने ओढून तिला बाक द्यावा. जास्त ओढले तर लेस वाटीसारखी खोलगट होते, कमी ओढले तर कड लोंबते.

शेवटची टोके आणि कापडावर लावणे

गाठ मारून टोक लगेच कापणे ही चूक पहिल्या धुण्यात उघडी पडते. टोक किमान चार बोटे लांब ठेवावे, बारीक सुईत ओवून पाच-सहा टाक्यांच्या आतून न्यावे, एकदा उलट दिशेने परत आणावे आणि मगच कापावे. पोलक्याच्या बाहीला, झबल्याच्या गळ्याला किंवा कानबाई देवीच्या चौरंगावर अंथरायच्या कापडाला लेस लावायची असेल, तर लेस आणि कापड दोन्ही आधी वेगवेगळी भिजवून वाळवावीत, कारण दोन्ही सारखी आटत नाहीत आणि न भिजवता शिवलेली कड नंतर चुण्या घेते. ओली लेस जाड टॉवेलवर पसरावी, प्रत्येक पिको न गंजणाऱ्या टाचणीने ताणून टोचावा आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावी. साध्या लोखंडी टाचणीचा डाग पांढऱ्या सुतावरून सहसा निघत नाही. रुखवतात मांडायच्या रुमालाला ताठपणा हवा असेल तर साबुदाण्याची पातळ खळ गाळून द्यावी, अंगावरच्या कपड्याच्या लेसला मात्र खळ देऊ नये. कोपऱ्यावर लेस शिवताना ती ओढून बसवू नये. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जास्त लेस सोडून ती आधी कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावी, सपाट बसल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच पिकोंच्या मुळाशी लहान टाके घालत पक्की शिवावी.