थकलेलं शैक्षणिक कर्ज कसं मिटवावं: आधी उतारा, मग पैशाची बोली

चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरी बँकेचं पाकीट आलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, ते न फोडताच देव्हाऱ्यामागे सरकवून द्यायचे. मी तेव्हा चाकणला, महिना नऊ हजारांवर. इंजिनिअरिंगसाठी उचललेले ३,६०,००० रुपये, दहा-अकरा हप्ते कसेबसे भरले आणि मग बंद. २०२० मध्ये एकदाची सगळी पाकिटं फोडली, तर शेवटच्या कागदावर ७,८४,००० चा आकडा. तिथून निल दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा बँकेचा कागद, हातात पडेपर्यंत दीड वर्ष गेलं. त्यातलं निम्मं तरी कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे वाया गेलं, म्हणून क्रम लिहून ठेवतो.

माझी पहिली चूक अशी की घाबरून आधी पैसे नेऊन दिले. वसुलीवाल्याने गावात येऊन पारावर चार माणसांत आप्पांचं नाव घेतलं आणि मी दुसऱ्याच आठवड्यात २०,००० भरून आलो. त्याने काहीच मिटलं नाही. पुढच्या महिन्यात तोच माणूस, तोच पार.

पहिलं काम: उतारा

एक रुपयाही भरण्याआधी शाखा व्यवस्थापकाच्या नावे साधा अर्ज लिहा. त्यात मागा: मंजुरीपत्र आणि करारनाम्याची प्रत, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, खातं एनपीए (बँकेच्या हिशेबी थकीत) झाल्याची तारीख, त्या दिवसाची बाकी, आणि त्यानंतरचं व्याज किती धरलंय ते वेगळं. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. काउंटरवर "साहेब नाहीत" म्हणाले तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने टाका. कर्ज देना बँकेसारख्या विलीन झालेल्या बँकेचं असेल तर जुनी शाखा शोधत फिरू नका. २०१९ मध्ये ती बँक ऑफ बडोदात गेली, खातंही तिकडेच आहे. फक्त नंबर बदललेला असू शकतो.

उतारा आला की चहा घेऊन निवांत बसा, कारण सगळी मेख इथेच आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. त्यानंतर बँक त्या खात्यावरचं व्याज स्वतःच्या उत्पन्नात धरू शकत नाही, ते बाजूला मोजून ठेवते. म्हणजे तुम्हाला दाखवलेल्या एका आकड्यात दोन आकडे दडलेले असतात. माझ्या ७,८४,००० मध्ये एनपीएच्या दिवसाची बाकी ४,३१,००० होती आणि उरलेले ३,५३,००० हे बाजूला मोजलेलं व्याज आणि खर्च. तडजोडीत बँक हात सैल करते ती मुख्यतः या दुसऱ्या आकड्यात. हे ठाऊक नसलेला माणूस सात लाखांवरून घासाघीस सुरू करतो. ठाऊक असलेला चारवरून करतो.

आता ओळीन्‌ओळ बघा. शिक्षणाच्या काळातल्या व्याजाचं सरकारी अनुदान जमा झालंय का? केंद्राची ही योजना २००९-१० पासून आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर कोर्स आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं, मात्र त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत पोचलेला हवा. दंडाचे आकडेही तपासा. आता रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दंड हा व्याज म्हणून लावता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही.

आमच्याकडे सापडलं ते वेगळंच. माय केळीच्या काट्याच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात ठेवते. त्याच डब्यात बँकेच्या रोख भरण्याची दोन कात्रणं निघाली, प्रत्येकी १२,००० ची. माझ्या उताऱ्यात ती रक्कम कुठेच नव्हती. आप्पांच्या पीककर्ज खात्याचा उतारा काढला, तर दोन्ही भरणे तिथे बसलेले! कात्रणांवर खाते क्रमांक शैक्षणिक कर्जाचाच होता. झेरॉक्स जोडून अर्ज दिला आणि तीन महिन्यांनी २४,००० माझ्या खात्यात वळते झाले. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. शोधा.

घरचं काय जाऊ शकतं, काय नाही

आप्पा पाकिटं लपवत होते ते सातबाऱ्याच्या भीतीने. म्हणून हे नीट समजून घ्या, कारण भीतीपोटीच माणूस तोंड चुकवतो आणि व्याज वाढत राहतं.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेतलेलं नसतं. आई किंवा वडील सहकर्जदार असतात, तेवढंच. त्याहून मोठ्या कर्जात काही गहाण दिलंय का, ते मंजुरीपत्रात दिसेल. गहाण मालमत्तेचा ताबा बँक ज्या सरफेसी कायद्याने घेते, तो २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू नाही. इतर मालमत्तेसाठीही आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुम्ही लेखी हरकत घेतलीत तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. दिवाणी कोर्टातून हुकूमनामा झाला तरी शेतकऱ्याचं गहाण न दिलेलं राहतं घर आणि शेतीची अवजारं, बैल जप्तीतून वगळलेली आहेत. नुसतं कर्ज थकलं म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. दिलेला चेक परत गेला तर मात्र तो फौजदारी मामला होतो, म्हणून कोणी कितीही गळ घातली तरी पुढच्या तारखेचे कोरे चेक देऊ नका.

पण सुटकेचा श्वास एवढ्यात सोडू नका. सहकर्जदार म्हणजे नुसती सही नव्हे, बाप तेवढाच देणेकरी. माझं खातं थकलं आणि आप्पांचंही सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण, पडलं. खरिपाला पीककर्ज वाढवून घ्यायला गेले तेव्हा ते कळलं. आणि गावात जे बोललं जातं, "पुढच्या कर्जमाफीत बसेल", त्यावर बसून राहू नका. २०१७ ची आणि २०१९ ची, दोन्ही कर्जमाफ्या शेतीकर्जासाठी होत्या. शैक्षणिक कर्ज त्यांत नव्हतं.

मुदतीबद्दलही एक ऐकीव ज्ञान फिरतं, की तीन वर्षं काढली की कर्ज बुडालं. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते हे खरं. पण मुदत संपण्याआधी थोडे पैसे भरून पावतीवर सही केली किंवा "मी देणं लागतो" असं लिहून दिलं, की ती नव्याने सुरू होते. बँका मधूनमधून कर्जकबुलीच्या कागदावर सही घेतात ती याचसाठी. तारखा मोजायच्या असतील तर वकिलाला कागद दाखवा. त्यासाठी पैसे नसतील तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. फोन १५१००. मुदत संपली तरी सिबिलवरचा डाग राहतोच, त्यामुळे मी स्वतः या वाटेला गेलो नाही.

वसुलीवाले

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०२२ चं परिपत्रक सांगतं. भांडू नका. तारीख, वेळ, नंबर वहीत टिपा आणि शाखेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. माहितीसाठी १४४४८. माझ्या अशा एका तक्रारीनंतर पारावरच्या फेऱ्या थांबल्या.

आता पैशाचं बोला

नोकरी बरी असेल आणि बाकी आवाक्यात असेल तर हप्ते नव्याने बांधून घ्या. कर्ज पूर्ण फिटलं की सिबिलवर 'क्लोज्ड' लागतं, हे सगळ्यात चांगलं. ते झेपणार नसेल तर एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस. यात खात्यासमोर 'सेटल्ड' लागतं आणि पुढे घरकर्ज घेताना त्रास होतो. मी तरीही ओटीएस केलं, कारण आप्पांचं वय बघून हे लवकर संपवायचं होतं.

अर्जात रडगाणं नको. बाकीचे दोन आकडे, तुमचा पगार किंवा शेतीचं उत्पन्न, तुम्ही देऊ शकता ती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच. मी पहिली बोली ३,५०,००० ची लावली. शाखेने हसून बाजूला ठेवली. मार्च जवळ आला तसा त्यांचाच फोन आला. वर्षअखेरीला शाखेलाही वसुली दाखवायची असते, तेव्हा जानेवारीत अर्ज देणं बरं. शेवटी ४,२५,००० वर जमलं, तीन टप्प्यांत.

लोकअदालतीची नोटीस आली तर समन्स समजून घाबरू नका. आमच्या शेजारचा पोरगा ती बघून चार दिवस सुरतला मामाकडे जाऊन बसला होता! दावा दाखल होण्याआधीचीच प्रकरणं तिथे बरीच असतात आणि बँकेचा अधिकारी तडजोडीच्या तयारीने आलेला असतो. मात्र तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. हप्ता झेपणार नसेल तर तिथे मान डोलावू नका.

ओटीएसचं मंजुरीपत्र लेटरहेडवर हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि दिलेत तर खात्यातच. वसुलीवाल्याच्या फोनपेवर कधीच नाही. पत्रातली शेवटची तारीख चुकली की तडजोड रद्द होऊन जुना आकडा परत उभा राहू शकतो. आमचा तिसरा टप्पा केळीच्या पैशांवर होता. व्यापाऱ्याने पंधरा दिवस लावले आणि आत्याचं सोनं गहाण टाकून तारीख पाळावी लागली.

पैसे पोचले की निल दाखला मागा, तुमच्या आणि सहकर्जदाराच्या दोघांच्या नावाने. काही गहाण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. सातबाऱ्यावर बोजा असेल तर तलाठ्याकडे अर्ज देऊन तो कमी झालेला नवा उतारा काढा. दोनेक महिन्यांनी दोघांचेही सिबिल अहवाल बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतात. माझा दुरुस्त झाला, आप्पांच्या अहवालात मात्र खातं थकीतच दिसत होतं. निल दाखल्याची प्रत लावून ऑनलाइन हरकत घेतली, तेव्हा सुधारलं. दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. मूळ प्रत मायने त्याच बिस्किटाच्या डब्यात, काट्याच्या पावत्यांखाली ठेवली आहे.