फॅशियाच्या फ्लॅपने इम्प्लांट झाकताना या चुका टाळा

मॅस्टेक्टॉमीनंतर, म्हणजे स्तन काढल्यावर, इम्प्लांट (कृत्रिम स्तन) किंवा एक्स्पांडर (सलाईनने हळूहळू फुगवायची पिशवी) छातीच्या पेक्टोरालिस मेजर स्नायूखाली ठेवला, तरी तो स्नायू खालच्या-बाहेरच्या कोपऱ्याला पुरत नाही. ही उघडी जागा झाकायला एडीएम, म्हणजे प्रक्रिया केलेल्या त्वचेची तयार चादर मिळते. पण तिची किंमत ऐकून अनेक घरं गप्प होतात. छातीच्या कडेच्या सेरेटस अँटिरिअर स्नायूवरची फॅशिया, म्हणजे स्नायूवरचा पडदा, रुग्णाच्या अंगचीच असते, फुकटची. ती उचलून त्या उघड्या जागेवर आणली की झाला फ्लॅप. मात्र ती पातळ असते आणि हयगय खपवून घेत नाही.

पहिली चूक चाकू लागण्याआधीच होते. कॅन्सर सर्जनशी बोलणंच झालेलं नसतं. कॅन्सरच्या गाठीखालची, पेक्टोरालिसवरची फॅशिया त्यांना काढावीच लागते, त्यावर वाद नको. पण काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढताना सेरेटसवरचा पडदा विनाकारण फाटू नये, एवढं आधी सांगता येतं. फाटल्यावर सांगून काय उपयोग?

फॅशिया उचलताना घाई नडते. कॉटरी (विजेवर तापणारं कापायचं उपकरण) जास्त तापवून एकाच जागी धरली की भोक पडतं, आणि टाका घालायला गेलं की ते वाढतं. पडदा फारच विरविरीत वाटला तर स्नायूचा पातळ थर सोबत घ्या; त्यात कमीपणा नाही. काखेच्या मध्यरेषेजवळ मात्र हात आवरा. तिथे फॅशियाखाली, स्नायूच्या पृष्ठभागावर लाँग थोरॅसिक नर्व्ह, म्हणजे सेरेटसला चालवणारी नस, असते. ती दुखावली तर खांद्याचं पातं पाठीवर पंखासारखं बाहेर येतं. बरगड्यांमधल्या रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव झाला, तरी कॉटरी खोल खुपसू नका. खाली फुप्फुसाचं आवरण आहे.

फॅशिया आणि स्नायूची कड ओढूनताणून जोडू नये. टाके कापत असतील तर एक्स्पांडरमधलं सलाईन कमी करा, अगदी रिकामा ठेवला तरी चालेल. जखम भरल्यावर ओपीडीत भरता येतो. टेबलावरच आकार दाखवायचा मोह अनेकांना होतो आणि तोच महागात पडतो. खूपच मोठी फट उरली, तर फॅशियाचा हट्ट सोडून दुसरा पर्याय घ्यावा.

वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा खराब असेल तर फॅशिया चमत्कार करत नाही. काळी पडत चाललेली कड त्याच वेळी कापून टाका. तंबाखूने हाच रक्तपुरवठा बिघडतो, म्हणून तंबाखू-मिश्रीबद्दल आधीच नेमकं विचारा. ‘व्यसन आहे का?’ म्हटलं की बायका सरळ ‘नाही’ सांगतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी व्यसनात मोडत नाही.

ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) काढल्यावर सूज आली, तर आंधळेपणाने सुई घालू नका, एक्स्पांडर फुटेल. सोनोग्राफीखाली पाणी काढा. सोबत लाली आणि ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णाला दाखल करा.