‘हे खरे नाही’ : धर्मग्रामातून विधानभवनाकडे निघालेल्यांसाठी

धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या पॅरिशच्या, सामाजिक कक्षात नव्याने आलेली मुलं-मुली पहिल्यांदा हेच विचारतात, ‘आमदारांची भेट कशी मिळते?’ भेट मिळते हो. फादरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या की मिळते. मुंबईतला आमदार धर्मगुरूंना सहसा बाहेर ताटकळत ठेवत नाही. त्यात श्रद्धा किती आणि मतदारयादी किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. खरी गोची भेटीनंतर सुरू होते.

एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, परिशिष्ट-२ म्हणजे पात्र झोपडीधारकांची यादी, पात्रतेसाठी १ जानेवारी २००० ची मुदत, त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख भरून मिळणारं घर, पोटमाळ्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. नसेल तर आमदाराकडे जायच्या आधी वस्तीत जाऊन बसा. दहा कार्यशाळांत जे कळत नाही ते थकलेल्या भाड्याची वही ठेवणारी एखादी ताई तासाभरात समजावते.

आता ज्यात आमचे हात पोळले ते सांगते, जरा लांबण लावूनच.

आमच्या वस्तीतल्या लोकांनी पुनर्वसनासाठी घरं रिकामी केली, इमारत रखडली आणि तोवर राहायच्या खोल्यांसाठी विकासक देत होता ते भाडं त्याने थांबवलं. आमदार चांगले होते. म्हणाले, तारांकित प्रश्न लावतो, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, मसुदा द्या. आम्ही मनापासून लिहिला. ‘येथील ५०० गरीब कुटुंबे बेघर झाली असून विकासकाने त्यांना भाडे दिले नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ रविवारी मिस्सानंतर तो मसुदा वाचून दाखवला तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

छापील उत्तर आलं : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

मंत्री खोटं बोलले का? नाही, आणि तिथेच सगळी मेख आहे. फाइलमध्ये कुटुंबं ५०० नव्हती, थोडी कमी होती. ती ‘बेघर’ही नव्हती, कारण कागदावर ती भाड्याच्या खोल्यांत राहत होती. ‘भाडे दिले नाही’ म्हणावं तर सुरुवातीचे काही महिने ते दिलेलं होतं. एका वाक्यात तीन विधानं आणि तिन्हींत फट. उत्तराचा मसुदा करणारा अधिकारी आपलं वाक्य शब्दाशब्दाने फाइलशी ताडतो. एक शब्द निसटला की अख्खं वाक्य ‘खरे नाही’, आणि पहिला भाग पडला की ‘असल्यास’ने सुरू होणारे पुढचे सगळे आपोआप पडतात. वर तो कागद विकासकाच्या हातात. ‘बघा, सरकारनेच सांगितलंय’, म्हणून तो वस्तीत फिरवतो.

म्हणून प्रश्नाच्या एका भागात एकच विधान ठेवा, आणि प्रत्येक विधानामागे सरकारचाच कागद असू द्या. माहितीच्या अधिकारात आधी पत्रव्यवहार मागवा. मग लिहा : ‘अमुक योजनेतील विकासकाने थकीत भाडे भरावे, असे प्राधिकरणाने अमुक दिनांकाच्या पत्रान्वये कळविले आहे, हे खरे आहे काय?’ स्वतःच्या सहीचं पत्र कोण नाकारणार? आकड्याची खात्री नसेल तर आकडा घालू नका. ‘गरीब’, ‘अन्यायग्रस्त’, ‘निर्दयी’ हे शब्द प्रवचनासाठी राखून ठेवा, प्रश्नात विशेषण आलं की फट पडलीच. ‘हे अंशतः खरे आहे’ एवढं उत्तर आलं तरी पेढे वाटा, कारण मग पुढच्या भागांना उत्तर देणं भाग पडतं. आणि उपप्रश्नांचा एक कागद आमदारांच्या हातात ठेवा. यादीतले सगळे प्रश्न सभागृहात पुकारले जात नाहीत, पण आपला पुकारला गेला आणि आमदारांकडे विचारायला काही नसलं, तर ती वेळ परत येत नाही.

हे मला शिकवलं मंत्रालयातून निवृत्त झालेल्या एका कक्ष अधिकाऱ्यांनी. दर रविवारी मागच्या बाकावर बसायचे, कधी कोणी त्यांना काही विचारलंच नव्हतं. माझं ठाम मत आहे, गुरू करायचा तर असा करा. भाषणं गाजवणारा कार्यकर्ता तुम्हाला धीर देईल, मसुदा नाही देणार. आणि ‘माझी मंत्र्यांशी ओळख आहे’ म्हणणाऱ्या भाविकापासून चार हात लांब राहा. तो तुम्हाला केबिनमध्ये नेईल, मंत्री अर्जावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारतील, त्याचा फोटो गटावर फिरेल आणि वस्ती वर्षभर गाफील राहील. शेरा म्हणजे निर्णय नव्हे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती तरी आहे. केबिनमधल्या शब्दाला कोणी वाली नाही.

धर्माचं काय? आपण जातो ते श्रद्धेपोटीच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अन्यायाचे कायदे करणाऱ्यांना बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने शाप दिला तो उगाच नव्हे. १९८७ च्या आंतरराष्ट्रीय निवारा वर्षात व्हॅटिकनने बेघरांच्या प्रश्नावर स्वतंत्र दस्तऐवज काढला. आमच्या वसईत फादर दिब्रिटोंनी हरित वसईसाठी लोकांना उभं केलं, तेव्हाही ‘पाद्र्याचं काम चर्चमध्ये’ म्हणणारे होतेच. पण मागणी ‘आमच्या लोकांसाठी’ अशी नेऊ नका. त्याच गल्लीत बुद्धविहार आहे, मशीद आहे, सार्वजनिक गणपतीचं मंडळ आहे. चार लेटरहेडांवर एकच मागणी गेली की आमदारांच्या स्वीय सहायकाचा आवाज बदलतो, हे मी ऐकलंय.

आणि एक गोष्ट, जिच्यावर मी कुणाशी वाद घालत नाही : मतांचा सौदा नाही. ‘तुमचे मतदार किती?’ असं विचारलं जाईल. वस्तीचा आकडा सांगा, धर्मग्रामाचा नको. धर्माच्या नावाने मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार ठरतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. शिवाय धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८ चा कायदा आहे. देवळाची, चर्चची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. वस्तीच्या घरांची बैठक वेगळी, उमेदवाराचा सत्कार वेगळा. निवडणुकीच्या तोंडावर शंका आली तर सरळ समाजमंदिर गाठा.

भेटीत फादरांनी बोलू नये असं मला वाटतं. हे ऐकून आमचे एक फादर माझ्यावर रुसले होते. त्यांनी बसावं, ओळख करून द्यावी आणि गप्प राहावं. बोलावं तिने, जिचं भाडं थकलंय. ती अडखळेल, एखादा आकडा चुकेल. चालतं. भेटीत चुकलेला आकडा दुरुस्त करता येतो, छापील प्रश्नातला येत नाही.

घाबरू नका पण. आमचा दुसरा प्रश्न नीट लागला, उत्तर ‘अंशतः खरे’ आलं, काही महिन्यांचं भाडं सुटलं. इमारत अजून अर्धवटच आहे. या कामात निम्मं मिळतं आणि त्या निम्म्यावर लोक पावसाळा काढतात. रात्री झोप लागत नाही असे दिवस येतील, तेव्हा सिस्टरांशी बोला, एकट्याने फाइल घेऊन बसू नका.

वेळापत्रक मात्र भिंतीवर लावा. अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत, बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या, आसपास. पावसाळी अधिवेशनही मुंबईतच. हिवाळी नागपूरला, तेही ऐन आगमनकाळात, नाताळाआधीच्या आठवड्यांत, जेव्हा सगळे गोठे आणि कॅरल्समध्ये गुंतलेले असतात. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते. म्हणजे डिसेंबरसाठीचा माहिती अधिकाराचा अर्ज गणपतीच्या सुमारास गेलेला हवा, कारण उत्तराला ३० दिवस, आणि ते अर्धवट आलं तर पहिल्या अपिलाचे आणखी. नागपूरला जायचंच असेल तर गाडीचं आरक्षण त्याच आठवड्यात करून टाका.