सांबराच्या शिकारीला जाण्यापूर्वी : जवळच्या पल्ल्यासाठी काडतुसाची निवड

कोकणात बंदूक म्हटली की शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा एकनळी बारा बोअर डोळ्यांसमोर येते, आणि सांबर म्हटले की कड्याखालचे रान. या दोहोंची गाठ आपल्याकडे घालता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबराच्या शिकारीला बंदी आहे आणि शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. मात्र आपल्या उपखंडातले हेच जनावर १८६०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सोडले गेले, तिथल्या डोंगराळ रानात फोफावले, आणि आज तिथे रीतसर परवाना काढून त्याची शिकार करता येते. माझा पुतण्या तिकडे स्थायिक असल्यामुळे मला ती संधी मिळाली. यंदा गुहागरचे दोन स्नेही जाणार आहेत आणि ‘गोळी कुठली घ्यावी’ एवढा एकच प्रश्न ते विचारत आहेत. त्यांच्यासाठी ही तयारी क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी कायद्याची किमान मर्यादा पाहावी, कारण ती पाहिली की अर्धी नावे आपोआप गळतात. व्हिक्टोरियात सांबरासाठी रायफलचे कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास, किमान .२७० इंच आणि गोळीचे वजन किमान १३० ग्रेन, म्हणजे सुमारे ८.४५ ग्रॅम, असावे लागते. चितळासाठी चालणारी .२४३ सांबराला चालत नाही, आणि सध्या ज्याचा फार गवगवा आहे ते ६.५ क्रीडमूरही (६.५ मिलिमीटर, म्हणजे .२७० इंचांहून थोडे कमी) या मर्यादेत बसत नाही. गेम मॅनेजमेंट अथॉरिटी या तिथल्या शिकारविषयक सरकारी संस्थेचा परवाना आणि रायफल बाळगण्याची तिथल्या पोलिसांची परवानगी हाती येईपर्यंत दुकानाची पायरी चढू नये. अर्धस्वयंचलित रायफलींवर १९९६पासून तिथे कडक निर्बंध आहेत, त्यामुळे पुढचा विचार मुख्यतः बोल्टच्या, म्हणजे दर बाराला हाताने खिटी ओढून काडतूस भरायच्या, रायफलीचा आहे; लिव्हरच्या रायफलीचा उल्लेख ओघात येईल.

यानंतर पल्ला ठरवावा, आणि तो घरीच ठरवता येतो. तिथल्या ओढ्याकाठच्या गचपणात सांबर बहुधा वीस ते साठ मीटरांवर दिसते, तेही अर्धे झाडाआड. अंतर मात्र आपल्याला दुप्पट वाटते. हापूसची जुनी लागवड दहा-दहा मीटरांवर असते. बागेत एका कलमाला पाठ लावून उभे राहावे आणि ते पहिले धरून त्याच ओळीतले तिसरे, चौथे, सहावे झाड डोळ्यांत साठवावे. वीस, तीस आणि पन्नास मीटर म्हणजे नेमके किती, हे आठवडाभरात अंगवळणी पडते. हा अभ्यास झाला की दूरवर सरळ जाणाऱ्या अतिवेगवान काडतुसांचे आकर्षण आपोआप ओसरते, कारण त्यांचा तो गुण सहाव्या कलमापर्यंत उपयोगीच पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण बोलताना अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. काडतूस म्हणजे पितळी कवच, बुडाची ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि टोकाला बसवलेली गोळी. जनावरापर्यंत पोचते ती फक्त गोळी. म्हणून आधी गोळी निवडावी आणि मग ती नेणारे काडतूस, असा माझा आग्रह आहे. नर सांबर २०० ते ३०० किलोंचे, जाड कातड्याचे आणि भक्कम खांद्याचे असते. पातळ आवरणाची, चटकन फुटणारी गोळी पंचवीस मीटरांवर पूर्ण वेगात खांद्याच्या हाडावर आदळली तर ती वरच्या मांसातच फुटून विखुरते. जनावर खोल जखम न होता पळते आणि दिवसभर तडफडते. जवळचा पल्ला म्हणजे सोपा पल्ला, हा समज इथेच फसतो, कारण गोळीचा वेग सर्वाधिक असतो तो नळीच्या जवळच. त्यामुळे पेटीवर शिसे आणि तांब्याचे आवरण एकजीव केलेली, म्हणजे बॉन्डेड, गोळी किंवा अखंड तांब्याची गोळी असा उल्लेख शोधावा. मधोमध तांब्याचा पडदा असलेली नॉस्लर पार्टिशन १९४८पासून याच कामासाठी ओळखली जाते. गोळी आरपार जाणे ही इथे चैन नसून गरज आहे. दोन्ही बाजूंना भोक पडले तरच ओल्या पाचोळ्यावर रक्ताचा माग सापडतो. अखंड तांब्याच्या गोळीचा आणखी एक फायदा असा की मांसात शिशाचे कण उतरत नाहीत.

गोळी ठरली की काडतुसांची नावे तपासावीत. .३०८ विंचेस्टर १९५२चे आहे. त्यातून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघते. कवच ५१ मिलिमीटरचे, त्यामुळे रायफल आटोपशीर राहते आणि सुमारे पन्नास सेंटिमीटरच्या नळीतूनही फारसे काही हरवत नाही. १९०६चे .३०-०६ त्याच वजनाची गोळी थोड्या अधिक वेगाने, सुमारे ८२० मीटरने, नेते. मात्र हा फरक सांबराला कळत नाही, आपल्या खांद्याला कळतो. .२७० विंचेस्टर चालते, पण त्याची नेहमीची १३० ग्रेनची गोळी कायद्याच्या अगदी उंबरठ्यावर असल्यामुळे १५० ग्रेनची मजबूत गोळी घ्यावी. जर्मनीतले १९०५चे ९.३×६२ जवळच्या पल्ल्याला मला मनापासून आवडते. त्याची २८६ ग्रेनची गोळी सुमारे ७२० मीटर वेगाने जाते, थोडी कमी वेगवान असल्यामुळे नीट टिकते आणि खोल शिरते. पुतण्याकडे ते असते तर मी दुसरे काही घेतले नसते. लिव्हरच्या, म्हणजे चापाखालचा दांडा खालीवर करून भरायच्या, रायफलींमध्ये १८९५चे .३०-३० सांबराला मला अपुरे वाटते, तर १८७३चे .४५-७० जाडजूड गोळीमुळे पन्नास मीटरांत पुरेसे आहे. लिव्हरच्या ज्या रायफलीत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, तिच्यात कडक टोकदार गोळी कधीही भरू नये. धक्क्याने मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटू शकते. .३०० विंचेस्टर मॅग्नम वगैरे अतिवेगवान मंडळींना या कामात नमस्कार करून पुढे जावे.

जड गोळी झाडोऱ्यातून सरळ जाते, असे तिकडेही छातीठोकपणे सांगणारे भेटतील. करवंदीच्या जाळीतून दगड मारून पाहिलेल्या माणसाने त्यावर विश्वास ठेवू नये. फांदीला लागलेली कुठलीही गोळी वळते; म्हणून मोकळी फट मिळाली तरच बार काढावा.

खांद्याची परीक्षाही घ्यावी. बारा बोअरची सवय असलेल्यांना .३०८चा धक्का जड वाटत नाही, परंतु रायफलीच्या आवाजाने डोळे मिटण्याची खोड अनेकांना असते आणि ती काडतूस बदलून जात नाही. घरी छर्ऱ्याच्या एअर रायफलीवर चाप हळू दाबण्याचा सराव करावा, आणि तिथे पोचल्यावर कान झाकून निदान वीस बार टेकून आणि दहा बार उभ्याने काढावेत.

उसनी रायफल मिळणार असेल, तर तिच्या नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव अक्षरशः जुळते की नाही, हे स्वतः वाचावे. मालकाच्या शब्दावर सोडू नये. माझ्या लहानपणी घरच्या बारा बोअरची कागदी कवचाची काडतुसे श्रावणात दमट हवेने अशी फुगत की नळीतच शिरत नसत, आणि आजोबा ती पापडासारखी उन्हात मांडत. पितळी कवचाला तो त्रास नाही, पण सवय म्हणून मी आजही प्रत्येक काडतूस बोटांत फिरवून पाहतो.

शेवटी नेम जुळवून घ्यावा. दुर्बीण कमी ताकदीची, एकपट ते चारपट, ठेवावी. जास्त ताकदीत जवळचे सांबर म्हणजे नुसते तपकिरी केस दिसतात. दुर्बिणीची रेषा नळीच्या साधारण चार सेंटिमीटर वर असते, त्यामुळे नेम शंभर मीटरांवर जुळवला तर त्याअलीकडे गोळी फार तर तेवढीच खाली लागते आणि सांबराच्या छातीच्या मानाने तो फरक नगण्य आहे. हे जुळवणे ज्या काडतुसाने केले त्याच कंपनीच्या, त्याच वजनाच्या आणि शक्यतो त्याच लॉटच्या (एकाच खेपेत बनवलेल्या) तीन पेट्या एकदम घ्याव्यात, कारण तेवढ्याच वजनाची दुसऱ्या कंपनीची गोळीही वेगळ्या जागी लागते. दोन पेट्या सरावाला, एक रानासाठी. लॉटचा क्रमांक पेटीच्या झाकणावर छापलेला असतो, तो दुकानातच ताडून पाहावा.