छातीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर घरी या चुका टाळा

गाठीबरोबर दोन-चार बरगड्याही काढाव्या लागल्या, तर छातीचा पिंजरा तिथे उघडा पडतो. भगदाड साधारण 5 सेंटीमीटरपेक्षा मोठं असेल तर श्वास घेताना तो भाग आत ओढला जातो. म्हणून जाळी, कधी हाडांसाठी वापरतात ते सिमेंट (बोन सिमेंट) किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात आणि वरून पाठीचा किंवा छातीचा स्नायू फिरवून लावतात. हाच फ्लॅप. उपचारांसाठी मुंबईत परळला खोली घेऊन राहिलेल्या घरच्यांचा सगळा जीव या टाक्यांत अडकलेला असतो. पेशंटचा श्वास उथळ होत चाललाय, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दुखतं म्हणून पेशंट निपचित पडून राहतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. त्यात ‘सारख्या गोळ्या बऱ्या नव्हेत’ म्हणून कुणीतरी सकाळची वेदनाशामक गोळी चुकवतं. असं करू नका. गोळी वेळेवर द्या आणि ती लागू पडली की श्वासाच्या व्यायामाचं तीन छोट्या चेंडूंचं यंत्र (स्पायरोमीटर) हातात द्या. इथेही गंमत होते: बरेच लोक त्यात फुंकतात! फुंकायचं नाही, ओढायचं. ताठ बसून, नळीभोवती ओठ घट्ट मिटून, उसाचा रस स्ट्रॉने ओढावा तसा सावकाश. चेंडू वर गेला की दोन-तीन सेकंद श्वास तसाच धरा. खोकला आला तर उशी जखमेवर दाबून खोकायचं, खोकला दाबायचा नाही.

फ्लॅपवरच्या कातडीला बरेचदा संवेदना नसते. आजीने मायेने गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर चटका बसलेला पेशंटला कळतही नाही. शेक नको, हळदीचा लेपही नको. तंबाखू, मिश्री, विडी तर नकोच; निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप काळा पडू शकतो.

छातीत नळी असेल तर टॅक्सीत बसतानाही तिला जोडलेली बाटली छातीच्या खालीच हवी, मांडीवर उचलून घेऊ नका. हात गळ्यात बांधून ठेवू नका, खांदा आखडतो; फिजिओने दाखवलेले व्यायाम करा. सर्जन परवानगी देईपर्यंत गर्दीच्या वेळची लोकल टाळा, दारातला एक कोपर पुरेसा असतो.

जाळीचा संसर्ग काही महिन्यांनीही डोकं वर काढू शकतो. ताप, लाली, जखमेतून पाणी किंवा पू दिसला तर केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून दिवस काढू नका, थेट सर्जनकडे जा. अचानक धाप लागली किंवा फ्लॅप निळा-काळा दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठा. डिस्चार्जची फाइल आणि आत काय बसवलंय त्याचा कागद बरोबर घ्या.