तोंडी हुकमाला लेखी उत्तर

सरकारी कचेरीतल्या आवक-जावक टेबलावर माझी तेवीस वर्षं गेली. आलेला कागद घ्यायचा, नोंदवहीत चढवायचा, नंबर घालायचा, शिक्का मारायचा. त्या टेबलावरून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. सत्ता मनमानी करू लागली की आधी लिहायची थांबते. "वरून सांगितलंय", "साहेबांचा फोन होता", "तूर्त थांबा" एवढ्यावर कामं चालतात. नोंद नाही, म्हणून जबाबदारही कोणी नाही. आता निवृत्त होऊन गोव्यातल्या साखळी गावी घरी असते. कोणी डोंगरकापणीचं, कोणी पोलिसांच्या नोटिशीचं गाऱ्हाणं घेऊन आलं की मी वही काढते आणि त्यांना लिहायला बसवते.

माझ्या वडिलांचं लग्न पोर्तुगीज अमलात झालं. तेव्हा लग्नपत्रिकेचा मजकूरसुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावा लागे. १९५४ साली डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका मेजवानीत, गोवा पोर्तुगालचाच भाग असल्याचं बोलणं ऐकून, "मी निषेध करतो" एवढंच म्हटलं. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेलं गेलं. माणूस काय बोलतो यावर पहारा बसला की काय होतं हे आमच्या घराला ठाऊक होतं. म्हणून आज जे कायदे हाताशी आहेत ते मी जपून आणि रोज वापरते.

सुरुवात तोंडी हुकमापासून करा. अधिकाऱ्याने काही बंद करायला सांगितलं, तर शांतपणे आदेशाची प्रत मागा. नाही दिली तर वाद घालू नका. घरी या आणि त्याच दिवशी पत्र लिहा: "आज दिनांक अमुक, सकाळी अकरा वाजता आपण मला तोंडी सांगितलेत की आम्ही पारावर सभा घेऊ नये. हा आदेश कोणत्या कायद्याखाली आहे ते लेखी कळवावे. माझ्या ऐकण्यात चूक असल्यास सात दिवसांत कळवावे." दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नंबर पडलेला कागद गहाळ झाला तर त्याचं उत्तर कोणाला तरी द्यावं लागतं, आणि कचेरीत बसलेल्याला ते चांगलं माहीत असतं. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा मला म्हणाला, "काकी, नंबर मागितला की चिडतात." चिडू देत. घेतच नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा.

ग्रामसभेत मी स्वतः एकदा फसले. झरीच्या वरच्या अंगाला बांधकाम नको, असा ठराव एका सभेत हात वर करून झाला. आम्ही आनंदाने घरी गेलो. तीन महिन्यांनी इतिवृत्त वाचलं तर त्यात "या विषयावर चर्चा झाली" एवढंच होतं. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. आम्ही दोनशे माणसं होतो, आणि त्या वाक्यात आमच्यातलं कोणीही नव्हतं.

तेव्हापासून ठराव मी घरीच लिहिते. सर्व्हे नंबर, जागेचं नाव, काय हवं किंवा काय नको, कोणाला कळवायचं, सगळं चार-पाच ओळींत. सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या घेऊन सभेच्या आठवडाभर आधी पंचायतीत द्यायचा आणि पोच घ्यायची. सभेत तोच कागद मोठ्याने वाचायचा, सचिवाने तो तिथल्या तिथे नोंदवहीत उतरवेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. मग आठ दिवसांनी इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागायची. जेवणाची वेळ झाली म्हणून लोक निघून जातात आणि तिथेच ठराव मरतो. डबा घेऊन जा.

माहिती अधिकाराचा अर्ज बहुतेकजण चुकीचा करतात. "परवानगी का दिली?" असं विचारलं तर "का"चं उत्तर द्यायला कोणी बांधील नाही. "सर्व्हे नंबर अमुकसंबंधी फाईलमधील सर्व टिप्पण्या, पत्रव्यवहार आणि आदेशांच्या प्रती द्याव्यात" असं मागा. फाईल प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करा, कारण न मागितलेलं पानच कामाचं निघतं. शुल्क दहा रुपये. कशासाठी हवं हे सांगायची गरज नाही. उत्तराला तीस दिवस, त्यानंतर पहिलं अपील तीस दिवसांत, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत. या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. अपील बहुधा मुदत चुकल्यामुळेच हातचं जातं.

कोणाला पुढे उभं करायचं हा विचार अर्ज लिहिण्यापेक्षा महत्त्वाचा. ज्याचा मुलगा सरकारी खात्यात कंत्राटावर आहे, त्याची सही पहिल्या ओळीत घेऊ नका. त्याचं घर चालू राहिलं पाहिजे. त्याला झेरॉक्स काढायला, नकाशे जुळवायला, म्हाताऱ्यांना गाडीने सभेला आणायला सांगा. सह्या एकाखाली एक न घेता वर्तुळात घ्या, म्हणजे पहिला कोण हे शोधता येत नाही. पैशांचा हिशेब पहिल्या दिवसापासून पावतीपुस्तकावर ठेवा, कारण आंदोलनावर पहिला आरोप पैशांचाच होतो. आणि दगड उचला म्हणणारा अनोळखी माणूस दिसला तर त्याच्यापासून बाजूला व्हा, आपल्या माणसांनाही बाजूला घ्या.

पोलिसांचा प्रश्न सगळ्यांना सतावतो, म्हणून सविस्तर सांगते. बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवलं असेल तर बाईला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि साठीपुढच्या पुरुषाला राहत्या घराबाहेर हजर राहण्याची सक्ती नाही, जबाब घरी घेता येतो. ठाण्यावर एकटं जाऊ नका. दोघं सोबत असू देत, त्यातला एक बाहेर थांबू दे आणि आत गेल्याची वेळ लिहू दे. तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही कायद्याला लागत नाही. तुम्ही स्वतः दिलेल्या तक्रारीवर मात्र वाचूनच सही करा. कोऱ्या कागदावर सही कधीही नाही. अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. बायकांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अपवादात्मक परिस्थितीशिवाय अटक करता येत नाही. वकिलाचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर ठेवा, कारण फोन काढून घेतला जातो. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा नंबर आहे. रक्तदाबाची गोळी खिशात असू दे. जमावबंदी लागली असेल तर आदेश वाचा, कुठे आणि किती दिवस ते पाहा. तो मोडण्याची घाई करू नका, पर्वरीच्या उच्च न्यायालयात जाता येतं.

मोबाईलबद्दल दोनच गोष्टी. फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवला की त्यातली वेळ-जागेची माहिती जाते, म्हणून मूळ फाईल मेमरी कार्डात ठेवा. आणि खात्री नसलेलं पुढे पाठवू नका. एक खोटा व्हिडिओ आपल्या वर्षभराच्या खऱ्या कागदांवर पाणी फिरवतो.

हे सगळं करून खरंच काही होतं का, असं लोक विचारतात. माझ्या डोळ्यांदेखत झालंय. २०११ सालापर्यंतचा म्हणून केलेला गोव्याचा प्रादेशिक आराखडा सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीच्या लोकांनी, त्यात बायका पुढे होत्या, जमीन सोडली नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीचा नियोजित प्रकल्प तिथून हलवण्याची घोषणा झाली. मोले अभयारण्यातल्या रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली मंजुरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन उभी राहिलेली पोरं होती, आणि त्यांच्यामागे हरकतींचे, अहवालांचे गठ्ठे होते. माझ्या मते नुसत्या मेणबत्त्यांनी किंवा नुसत्या गठ्ठ्यांनी ते झालं नसतं.

तुम्हाला आजच सुरुवात करायची असेल तर दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, समोर कोण होतं. उजव्या पानावर पाठवलेल्या पत्राचा आवक क्रमांक. आठवड्यातून एकदा पानांचे फोटो काढून दोघांना पाठवा. शिक्क्याच्या मूळ प्रती मात्र तुमच्या घरी ठेवू नका. माझ्या प्रती आमच्या वाड्यावर नाहीत, पलीकडच्या वाड्यावर एका वहिनीच्या तांदळाच्या डब्याखाली आहेत.