पार्टिशन हलतंय? ऑफिसचे पॅनल जोडताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. "दोन महिन्यांत तीनदा स्क्रू आवळून घेतले, तरी पार्टिशन हलतंय बघा. एकदा येऊन जावा."

गेलो. चार फूट उंचीचे पॅनल, एका सरळ रेषेत १६ फूट. वरच्या कडेला नुसता तळवा टेकवला तर अख्खी ओळ बोटभर झुलली. स्क्रू मात्र एकही ढिला नव्हता. पलीकडच्या शेडमध्ये माग चालू होते आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

पार्टिशन हलायला लागलं की सगळ्यात आधी पान्हा हातात घेतला जातो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा स्क्रूच्या आधीच्या कामात असतो. स्क्रू दोन पॅनल एकमेकांना धरून ठेवतो, ओळ उभी ठेवायचं काम त्याचं नाही. त्यासाठी आडवा आधार लागतो. त्या ऑफिसात आम्ही ८ फुटांवर तीन बाजूंनी पॅनल जोडता येणारा खांब टाकला आणि दोन टेबलांच्या मधे २ फुटांचा आडवा पॅनल घेतला. शेवटच्या टोकाला तसाच एक. झुलणं तिथंच थांबलं, आणि दोन टेबलांना आडोसाही मिळाला. साधारण दर ८-१० फुटांवर ओळ कुठं तरी काटकोनात वळायलाच हवी. नकाशा काढतानाच हे ठरवा, नंतर जागा सापडत नाही.

फरशीचा उतार न बघता सुरुवात

शहाबादी फरशी डोळ्याला सपाट दिसते, पण असते क्वचितच. जुन्या ऑफिसात पाणी काढायला दाराकडं मुद्दाम उतार दिलेला असतो. मिस्त्री सोयीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात, चार पॅनल जातात आणि पाचव्याला भोकाला भोक मिळत नाही. मग हातोडीनं ठोकून बोल्ट घुसवायचा. तो पॅनल कायम ताणात राहतो आणि कधी तरी त्याचे आटे जातातच.

पाण्याची लेव्हल नळी किंवा लेझर लावून ओळीतली सगळ्यात उंच जागा शोधा आणि पहिला पॅनल तिथं उभा करा. खालचे लेव्हलर, म्हणजे फिरवून उंची कमी-जास्त करायचे पाय, पॅनल वर उचलू शकतात. सगळे आत घेतल्यावर मात्र पॅनल आणखी खाली जात नाही. म्हणून उंचावरून उताराकडं जायचं. सगळी ओळ आधी नुसती उभी करा, बोल्ट हातानं फिरवून अर्धवट ठेवा. पाणसळ आणि ओळंबा लावून लेव्हल करा, कोपऱ्यात गुण्या धरून बघा, आणि मगच शेवटची आवळणी द्या. घाईत लोक पहिला सांधा घट्ट करून पुढं जातात. त्या सांध्यातला एक मिलीमीटरचा तिरपेपणा शेवटच्या पॅनलपर्यंत वाढत जातो.

प्री-लॅम बोर्डात आटे जाणं

प्री-लॅम म्हणजे वर लॅमिनेट चढवून आलेला पार्टिकल बोर्ड, आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबलेला भुसाच. त्याच्या सपाट बाजूला स्क्रू बरा धरतो, कडेला फार कमी. तरीही १८ मिमी बोर्डाच्या कडेत, आधी भोक न पाडता, ड्रिल मशीननं सरळ स्क्रू ठोसतात. कड फुगते, फुटते. ४ मिमी स्क्रूला आधी २.५ मिमीचं भोक पाडा, कोपऱ्यापासून निदान इंचभर आत. जिथं वजन येणार तिथं सपाट बाजूला एल पट्टी लावा.

मिनिफिक्सचं, म्हणजे चकती फिरवून बोल्ट आत ओढून घेणाऱ्या जोडणीचं, थोडं वेगळं. चकतीवरचा बाण बोल्टच्या दिशेला असला पाहिजे, मग साधारण अर्धा फेरा पुरतो. तो साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं, हातानंच द्या. मशीननं दिला की चकती भोवतालचा भुसा खाते आणि गोल गोल फिरत राहते.

स्क्रू नुसता फिरत असेल तर त्याच भोकात जाडा स्क्रू घालू नका. लाकडी डॉवेल (गोल खुंटी) फेविकॉल लावून भोकात ठोका, एक दिवस वाळू द्या, मग नवं बारीक भोक पाडा.

भिंतीवर भरवसा

पेठेतल्या जुन्या इमारतींत भिंती दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या असतात. प्लॅस्टिकची गट्टी तिथं बसल्यासारखी वाटते आणि दार दोनदा आपटलं की निघून येते. अशा ठिकाणी भिंतीला फक्त टेकू समजा आणि खांब फरशीपासून वरच्या स्लॅबपर्यंत न्या. स्लॅबपर्यंतच, फॉल्स सीलिंगच्या पट्टीला पार्टिशन बांधणं म्हणजे दोन्ही हलवणं. उंच कपाटही पार्टिशनला बांधू नका, ते पक्क्या भिंतीलाच.

उन्हाळ्याचाही हिशेब धरा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि ऑफिस फक्त एसी चालू असतो तेव्हाच गार असतं. ३ मीटरची अ‍ॅल्युमिनियम सेक्शन २० अंशांच्या फरकानं जवळपास दीड मिलीमीटर वाढते. भिंतीला घट्ट चेपून बसवली की मधे फुगते. ३ मिमी फट सोडून सिलिकॉन भरा. काच सेक्शनला भिडवू नका, रबरी गास्केटमध्येच बसू द्या.

मागांच्या शेडला लागून ऑफिस असेल तर साधे नट हळूहळू सुटणारच. नायलॉक नट घाला, आत नायलॉनची कडी असल्यानं ते हादऱ्यानं सहज सुटत नाहीत. त्या टॉवेल कारखान्यात सगळे नट बदलले.

वायरींबद्दल थोडक्यात: भोक पाडण्याआधी मेन बंद करा, लांब स्क्रू रेसवेत (पॅनलमधल्या वायरींच्या पोकळीत) जाणार नाही हे बघा, विजेची आणि नेटवर्कची वायर वेगळ्या कप्प्यांतून न्या, आणि लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला अर्थिंग द्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यात तडजोड मी कुणालाच करू देत नाही.

बोर्डाची खालची कड फरशीपासून १० मिमी वर ठेवा. पोछ्याचं पाणी एकदा कडेत शिरलं की फुगलेला बोर्ड परत बसत नाही आणि सांधे सगळे तिरपे होतात.

काम झाल्यावर महिनाभरानं एकदा सगळे बोल्ट तपासा. अ‍ॅलन की आणि चार जादा नट टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पिशवीत घालून चिकटवून ठेवा, म्हणजे तेव्हा शोधाशोध होत नाही.